लोटलेलं दार, लावलेलं दार

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. 'दार लोट' आणि 'दार लाव' यांत फरक काय?

(पस्तीस वर्षं वर्गात प्रश्नानेच सुरुवात केली, ती खोड आता काय सुटणार!) तर फरक असा. लोटलेलं दार चौकटीला टेकलेलं असतं, पण कडी घातलेली नसते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते बंद दिसतं आणि घरच्या माणसाला उघडं असतं. आई म्हणायची, "नुसतं लोटून ये गं, बाबा यायचेत अजून." लावलेलं दार म्हणजे कडी, नाहीतर सरळ अडसर. मग आलेल्याने हाक मारायची. शिवाय 'ओढून घेतलेलं' दार असतं, ते जाणाऱ्याने बाहेरून घेतलेलं. किलकिलं दार आणखी वेगळं. आपल्याकडे दार बंद असण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत आणि त्या कुणाला शाळेत जाऊन शिकाव्या लागत नाहीत.

यंत्राला मात्र त्या शिकवाव्या लागतात, आणि त्याला पैसे पडतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

निमित्त आमच्या सोसायटीचं. हल्ली घरोघरी इतकी पार्सलं येतात की वॉचमनच्या केबिनमध्ये वॉचमनला जागा नाही. गेल्या दिवाळीत खोकी आत आणि काका बाहेर खुर्चीवर, थंडीत मफलर गुंडाळून! शेवटी कमिटीने पार्सल लॉकर घ्यायचं ठरवलं. आमच्या चिंचवडच्या वन्संनी हा प्रकार पाहिलेला नाही म्हणून सांगते. एक मोठं लोखंडी कपाट असतं. त्याला लहानमोठे पंचवीस-तीस खण, प्रत्येक खणाला स्वतंत्र दार आणि विजेवर चालणारं कुलूप. कुरिअरवाला रिकाम्या खणात पार्सल ठेवतो, आपल्या मोबाईलवर आकडा येतो, तो आकडा कपाटाच्या पडद्यावर दाबला की आपला खण टक्कन उघडतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात दोन किमती होत्या. एक साध्या कपाटाची आणि एक, थोडे जास्त पैसे घेऊन, 'ऑटो क्लोज'ची. म्हणजे दारं आपली आपण लागणार. सेक्रेटरी म्हणाले, "यात विचार कसला करायचा? आपोआप लागणारंच घेऊ. आपल्या लोकांना दार लावायची सवय कुठे आहे!" सगळे हसले आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मला मात्र यात विचार करण्यासारखं बरंच काही आहे असं वाटतं. कारण गेल्या वर्षी तीन महिने लेकीकडे जर्मनीत होते, आणि तिथे असलं कपाट रोज संध्याकाळी बघत होते.

लेक राहते माइन्झला. हे गाव या बाबतीत जुनंजाणतं आहे. डीएचएलने या कपाटांची चाचणी २००१ साली सुरू केली ती डॉर्टमुंड आणि माइन्झ या गावांत. त्याला तिथे 'पाकस्टेशन' म्हणतात. आज देशभर दहा हजारांच्या वर आहेत. किराणा दुकानाच्या बाहेर, स्टेशनाजवळ, हळदीच्या लग्नातल्यासारखी पिवळीधमक उभी असतात. पोलंडमध्ये अशी कपाटं २००९ पासून आली आणि तिथे तर ती टपालपेटीइतकी अंगवळणी पडली आहेत म्हणे. अमेरिकेत आणि लंडनमध्ये अ‍ॅमेझॉनने २०११ साली आपली कपाटं मांडली. आपल्या टपाल खात्यानेही २०२० मध्ये कोलकात्यात हा प्रयोग केला.

तर रोज संध्याकाळी मी आणि पाच वर्षांचा नातू फिरायला निघायचो, आणि पार्सल असो-नसो त्याला त्या पिवळ्या कपाटापाशी थांबायचंच असायचं. पार्सल असलं की चंगळ. 'टक्' असा आवाज येतो आणि तीस-चाळीस दारांमधलं एकच दार आपणहून चार बोटं बाहेर येतं. ते तसं आलं नाही तर आपला खण कुठला हे कळणारच नाही. मग दार पूर्ण उघडायचं, खोकं काढायचं, आणि दार आपल्या हाताने दाबून लावायचं. पुन्हा 'टक्'. हा दुसरा 'टक्' महत्त्वाचा. उघडायला वीज, मोबाईल, आकडे, सगळा जामानिमा. लावायला आपला तळहात.

आणि ते सगळे करतातच असं नाही बरं का. जर्मन माणूस शिस्तीचा वगैरे आपण ऐकतो, पण आठवड्यातून दोनदा तरी एखादं दार पडायला आलेल्या दातासारखं बाहेर लोंबत असायचं. मी आपली जाऊन लावायची. जावई हसायचे. ते बिजागऱ्या आणि दारांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहेत. एक दिवस म्हणाले, "आई, तुम्ही फुकटात जे करता ते करायला आमचे लोक डोकं खाजवतायत." मग काय, मी वही घेऊनच बसले!

कुलपात एक आकडा असतो, आणि दाराच्या मागच्या बाजूला एक लोखंडी कडी. दार दाबलं की कडी आकड्यात शिरते आणि आकडा फिरून तिला धरतो. उघडायच्या वेळी विजेचा एक झटका, क्षणभराचा, आकडा सुटतो. आणि चौकटीत एक दणकट स्प्रिंग असते, ती दाराला ढकलून बाहेर काढते. इथपर्यंत सोपं आहे.

आता हे दार आपोआप लागावं असं वाटलं तर काय कराल? बिजागरीत दुसरी स्प्रिंग घालाल. ही कल्पना काही नवी नाही. माझ्या मामांच्या मळ्याच्या फाटकाला दोरी बांधून ती कप्पीवरून घेतलेली होती आणि टोकाला धोंडा. फाटक उघडून आत गेलं की धोंडा खाली आणि फाटक बंद. गुरं आत यायची नाहीत. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीला ती अर्धी झुलती दारं होती, त्यांच्या बिजागरीतही स्प्रिंगच. पण नीट आठवून बघा. ते फाटक आणि ती अर्धी दारं, दोन्ही नुसती लोटली जात. लावली जात नसत. त्यांना कुलूप लागायचंच नव्हतं.

खरी गंमत शेवटच्या बोटभर अंतरात आहे. लावणारी स्प्रिंग दार जसजसं चौकटीजवळ येतं तसतशी सैल पडत जाते, म्हणजे जिथे जोर सगळ्यात जास्त हवा तिथे तिच्यात सगळ्यात कमी उरतो. आणि नेमकी तिथेच ती उघडणारी स्प्रिंग आडवी येते, कारण तिला तर दार बाहेर ढकलायचंच आहे. दोन मल्ल एकाच आखाड्यात! उघडताना एकाने जिंकायचं आणि लावताना दुसऱ्याने. त्यात पाऊस आत जाऊ नये म्हणून चौकटीला रबराची पट्टी, ती दाबायलाही जोर लागतो. खण घट्ट असेल तर आतली हवासुद्धा उशीसारखी अडते. (आपलं लोखंडी कपाट जोरात लोटलं की शेवटी जरा अडून फुस्स करतं ना, तेच.) मग दार येतं, चौकटीला टेकतं, आणि तिथेच थांबतं. लोटलेलं. कडी आकड्यात शिरलेलीच नाही.

मग लावणारी स्प्रिंग आणखी कडक करावी, तर दार धाडकन येऊन बोटावर आपटतं. दवाखान्याच्या, बँकेच्या दारावर वर एक नळकांडं असतं ना, दार हळूहळू लावणारं? त्यात तेल असतं आणि स्प्रिंगचा जोर त्या तेलातून गाळून येतो. नीट पाहिलंत तर त्याला दोन स्क्रू दिसतील. एक दाराने सबंध वाट किती वेगाने यायचं ते ठरवतो आणि दुसरा फक्त शेवटच्या वितीसाठी, म्हणजे तिथे जरा वेग वाढावा आणि खटका लागावा. मला हे कळल्यापासून मी बँकेत रांगेत उभी असताना दाराकडेच बघत असते. पण एवढं नळकांडं वीतभर दाराला कुठे बसवणार? म्हणून महागड्या कपाटात कुलपातच छोटी मोटर देतात. दार टेकलं की ती आकडा फिरवून दाराला शेवटचं ओढून घेते, भारी गाड्यांच्या डिकीला असते तशी.

आता म्हणाल, नुसतं लोटलेलं राहिलं तर एवढं काय बिघडलं? तर ऐका. सताड उघडं दार निदान दिसतं तरी. तो खण वाया जातो, दुसऱ्या दिवशी टपालवाला येऊन दार लावीपर्यंत तिथे कुणाचं पार्सल जात नाही, एवढंच. मुंबईत दादरला मावशीकडे जाळीच्या दाराची लिफ्ट होती, तिची आठवण येते. तिसऱ्या मजल्यावर कुणी जाळी उघडी टाकली की लिफ्ट तिथेच बसायची, कारण जाळी पूर्ण लागल्याशिवाय विजेचा सांधा जुळायचा नाही. मग तळमजल्यावरून सगळ्यांचा एकच गजर, "दरवाजा बंद करा होऽऽ!" कुणीतरी दार उघडून बाहेर यायचं, जाळी ओढायचं, लिफ्ट निघायची. तिथे हाक ऐकणारं कुणी होतं. पाकस्टेशनला दार उघडं टाकणारा गाडीत बसून केव्हाच गेलेला असतो.

पण लोटलेलं दार वाईट, कारण ते बंद दिसतं. कुरिअरवाल्याला दिवसाला शेकड्याने पार्सलं टाकायची असतात. त्याने घाईत दार ढकललं, ते टेकलं, कुलूप लागलं नाही. आता ते दार कुणीही नखाने ओढून उघडू शकतं. आणि यंत्राला काय कळतं? साध्या कुलपात एकच बटण असतं. ते दाराच्या टेकण्यावर बसवलं असेल तर यंत्र समजतं 'लागलं'. तुमच्या मोबाईलवर 'पार्सल पोचलं' असा निरोप येतो. तुम्ही जाता तर खण रिकामा. आता भांडा कुणाशी भांडायचं ते! म्हणून चांगल्या कपाटात दोन खुणा वेगवेगळ्या घेतात. दार चौकटीला टेकलं का, ही एक, आणि आकड्याने कडी धरली का, ही दुसरी. लोटलं का, आणि लावलं का. आपल्या भाषेत हे दोन शब्द आधीपासून आहेत याचा मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू. जावयांना तसं म्हटलंही.

आणि नुसतं आकड्याला विचारूनही भागत नाही. नातवाने एकदा उघड्या दाराच्या चौकटीत बोट घालून तो आकडाच फिरवला. टक्! आकडा लागला, दार मात्र उघडंच. आता आकड्याला विचाराल तर तो सांगणार, मी लागलोय. दार लावायला जावं तर कडीला शिरायला जागा नाही. लेकीने पुन्हा मोबाईलवरून खण उघडवला तेव्हा सुटका झाली. इंजिनिअर लोकांनी आपलं कुलूप आधी पाच वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावं, महिन्याचं काम एका दुपारी होईल.

आता मुख्य मुद्द्यावर येते.

या कपाटात सगळ्यात खालचे खण मोठे असतात. जड खोकी वर उचलायला नकोत म्हणून. आमचा नातू तशा एका खणात एका दिवशी कमरेपर्यंत शिरला. त्याला आत काय आहे ते बघायचं होतं. काही नव्हतं. लेकीने त्याला मागे ओढलं, रागावली, झालं. पण मी रात्रभर तोच विचार करत होते. ते दार हाताने लावायचं होतं म्हणून उघडं होतं. आपोआप लागणारं असतं तर?

ही म्हातारीची काळजी म्हणून सोडून देऊ नका. जुने फ्रिज आठवतात का, बाहेर खटक्याचं हँडल असलेले? ते आतून उघडता यायचे नाहीत. अमेरिकेत लोकांनी जुने फ्रिज परसात टाकून दिलेले असायचे आणि लपाछपी खेळताना मुलं त्यात जाऊन बसायची. दार लागायचं. कितीतरी मुलं अशी गेली. १९५६ साली तिथे कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे. आज आपल्या फ्रिजला खटक्याऐवजी लोहचुंबकाची रबरपट्टी असते, तिच्यामागे ही गोष्ट आहे. गाडीच्या डिकीचंही तेच झालं. तिथल्या नव्या गाड्यांच्या डिकीत या शतकाच्या सुरुवातीपासून आतून उघडायची, अंधारात चमकणारी कळ सक्तीची आहे.

मला आमचे शिपाईमामा आठवतात. शाळा सुटली की चौदा खोल्या बंद करायच्या. मामा प्रत्येक खोलीच्या दारात उभे राहायचे, हाक द्यायचे, "कोण राहिलंय का रं?" उत्तर येवो न येवो, आत दोन पावलं जाऊन वाकून बाकांखाली बघायचे, मग दार ओढून कडी, कुलूप. चौदा वेळा. आम्हाला घरी जायची घाई, आम्ही कुरकुरायचो. एका शनिवारी तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे एक मुलगी दप्तर उशाला घेऊन झोपलेली सापडली. अंगात ताप होता. हाकेने ती उठलीच नव्हती, वाकून बघितलं म्हणून दिसली. दुसरा दिवस रविवार. मामांनी तिला सायकलवर बसवून घरी नेलं आणि सोमवारी याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला कळलं ते तिच्या आईकडून. त्यानंतर मात्र कुणी कुरकुरलं नाही.

हाताने दार लावणारा माणूस लावता लावता आत बघतो. त्याला बघायचं नसतं, पण बघितलं जातं. पाकिटाखाली राहिलेलं दुसरं पाकीट, औषधाची बाटली, विसरलेली किल्ली, आणि नको ते बोलायचं तर एखादं पोर. स्प्रिंग बघत नाही. मोटरही बघत नाही. दाराला काही अडतंय हे तिला कळवता येतं, खणात आत कुणी बसलंय हे आपोआप कळत नाही. त्यासाठी पुन्हा वेगळा डोळा बसवा, पुन्हा वेगळे पैसे.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. आमच्याच मजल्यावरच्या काकूंना संधिवात आहे. रबरपट्टी दाबून खटका लागेपर्यंत दार ढकलणं त्यांना जमायचं नाही. चाकाच्या खुर्चीवरचे आजोबा खोकं मांडीवर घेतील की दार लावतील? त्यांच्यासाठी दाराने शेवटची ओढ स्वतः घ्यावी हे मला शंभर टक्के पटतं. पण त्याच काकू दोन्ही हातांनी खोकं ओढत असताना दार जर मागून येऊन पाठीत बसणार असेल, तर ते सोय कसली! उघडलं की उघडंच थांबणारं, आपण नुसतं बोट लावून लोटलं की मग पुढचं स्वतः हळूच लावून घेणारं, असं दार मिळतं. जावई म्हणाले, करता येतं, करतातही. लोटायचं आपण, लावायचं त्याने. आणि उघडंच राहिलं तर त्याने ओरडावं, मावशीच्या लिफ्टखालच्या लोकांसारखं. वॉचमनकाका दहा पावलांवर असतात, येऊन लावतील. त्यांना आता केबिनमध्ये बसायला जागा मिळेलच, तेवढं त्यांच्याकडे राहू दे.

खालच्या मोठ्या खणांच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटणार आहे. तिथे 'ऑटो क्लोज' नकोच, आणि आतून ढकललं तर दार सुटलं पाहिजे. सेक्रेटरींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आतून उघडणारं दार म्हणजे चोराची सोय." मी म्हटलं, चोर आत कशाला बसेल, तो बाहेर असतो! हसले, पण लिहून घेतलं.

येत्या रविवारी तो विक्रेता नमुन्याचं कपाट दाखवायला आणणार आहे. मी तीन गोष्टी घेऊन खाली जाणार आहे. माझी छत्री, दांडा दारात आडवा धरून बघायला, की दार थांबतं, मागे फिरतं की दाबतच राहतं. एक कागदाची घडी, चौकट आणि दारात ठेवून बघायला, की नुसतं लोटलेलं असताना तो पडदा 'लागलं' म्हणतो का. आणि तळमजल्यावरचा साडेचार वर्षांचा एक उद्योगी माणूस. त्याच्या आईची परवानगी काढून ठेवली आहे, आणि तो कपाटापाशी असेपर्यंत त्याचा हात माझ्या हातात राहील असं कबूल केलं आहे.